सावर्ड्याच्या टाकीत आलेला ट्रंक कॉल

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. माहेरी-सासरी कुणाच्या अंगात यायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायची. तेव्हा "भास झाला असेल हो" असं उत्तर कृपा करून देऊ नका. ते मी चाळीस वर्षं ऐकत्ये आणि आता वीट आलाय.

१९८५-८६ ची गोष्ट. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. हल्लीच्या मुलांना सांगायला हवं... तेव्हा बाहेरगावी फोन करायचा तर नंबर बुक करून तासन् तास थांबावं लागे. आम्ही बोर्डावर वायर खोचून लाईन जोडायचो. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून सांगायचं, वाढवून नको असेल तर वायर ओढायची. आठ तास कानाला हेडफोन आणि कानात सगळ्या मुंबईचा आरडाओरडा! घरी आले तरी डोक्यात "हॅलो, हॅलो" चालूच. झोप उडाली, मुलांवर हात उगारायला लागले.

त्यात माहेरची काळजी. माझा धाकटा भाऊ अरुण मुंबईला गिरणीत होता. गिरणी बंद पडली, तो घरी आला, आप्पाकाकांशी कडाक्याचं भांडण झालं आणि जो निघून गेला तो तीन वर्षं पत्र नाही की निरोप नाही. त्या वर्षी आप्पाकाका म्हणायला लागले, "यंदा पितृपक्षात अरुणच्या नावाचंही पान वाढूया." अहो, परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघतात, इथे तीनच झाली तर यांना घाई! आई माझ्याकडे बघायची. तू फोनवाली ना, मग शोध की... असं ते बघणं. आणि मला तर त्याचा ठावठिकाणाही माहीत नव्हता.

माझे दीर दिलीपभावोजी बोटीवर होते. त्यांनी अमेरिकेत एक प्रकार बघितला होता. काळोख्या बंद टाकीत खूप मीठ घातलेलं कोमट पाणी, त्यात माणूस नुसता तरंगत पडतो. आवाज नाही, उजेड नाही. तासाभरात डोकं म्हणे धुतल्यासारखं स्वच्छ होतं. भावोजी रजेवर आले होते, त्यांना काहीतरी उद्योग हवाच होता. सावर्ड्याला हायवेपासून आत त्यांची कलमांची बाग आहे. तिथल्या शेडमध्ये फवारणीसाठी बांधलेली सिमेंटची टाकी होती. ती त्यांनी घासूनपुसून घेतली, फटींना गोणपाटं ठोकली, चुलीवर पाणी तापवून ओतलं. अमेरिकेतलं मीठ वेगळं असतं म्हणे, जुलाबाला देतात ते. ते पोत्याने कुठून आणणार? आम्ही आपलं साधं खडामीठ ओतलं.

जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, लोणचं होईल हो तुमचं!"

भादव्यातली दुपार होती, साडेतीनचा सुमार. मी रजा टाकली होती. जुनं लुगडं गुंडाळून, कानात मेण लावलेला कापूस घालून आत उतरले. सकाळी विळीवर बोट कापलेलं, ते असं चरचरलं की आईच आठवली! पण पाण्याने खरंच उचलून धरलं. भावोजींनी वरून झाकण ओढलं. मिट्ट काळोख. पहिल्यांदा भीती वाटली, मग हातपाय कुठे आहेत तेच कळेना, मग... शप्पथ सांगते, कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं.

आणि कानात लाईनची घूं घूं सुरू झाली. मनात म्हटलं, झालं, इथेही पिच्छा सोडत नाहीत मेले! खट्ट करून लाईन जोडल्याचा आवाज आला.

"ताई? ओळखलंस काय गो?"

अरुणच. सर्दी झाली होती त्याला, आवाज बसलेला होता.

मी म्हटलं, "बोल रे." जसं काही तो रोजच फोन करतो! तो विचारतोय, भात कसं आहे, गाय व्याली का, विहिरीवरचा रहाट बदलला का... आणि मी शहाणी एकेकाची उत्तरं देत्ये. भात बरं आहे, कालवड झाली. आमच्याकडे ही रीतच. मुद्द्याचं बोलणं शेवटी, पायरी उतरताना. कुठे आहेस, असं पहिल्याच दमात विचारलं तर हा तिरसट मुलगा फोन ठेवेल, हेही डोक्यात होतंच. म्हटलं बोलू दे आधी मोकळेपणी.

मग तो म्हणाला, "ताई, आईला सांग—"

आणि माझ्या तोंडून निघालं, "तीन मिनिटं झाली." त्या हुकमी आवाजात. उजवा हात आपोआप उठला आणि मी वायर ओढली! टाकीत कसली आल्ये वायर? पण ओढली. हात धपकन पाण्यात पडला, खारं पाणी डोळ्यांत गेलं, मी किंचाळले. भावोजींनी झाकण काढलं तेव्हा मी "अरुण, अरुण" करत ओरडत होते. त्यांना वाटलं, डोळे झोंबले म्हणून रडत्ये.

इथपर्यंत भास म्हणा, मीही तेच म्हटलं. घरी कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले. काल माझ्या बोर्डावर बसलेली नलिनी हसत म्हणाली, "काय गो, रजा काढून भावाशी गप्पा मारत्येस?"

"कसल्या गप्पा?" मी विचारलं. ती म्हणाली, साडेतीन-पावणेचारला मुंबईकडून पीपी कॉल आला. पीपी म्हणजे ज्याचं नाव दिलंय त्याच माणसाशी बोलायचं. नाव माझं होतं. "मी सांगतच होते की ती रजेवर आहे, तर तूच लाईनवर 'बोल रे' म्हणालीस. मला वाटलं दुसऱ्या कुठल्या फोनवरून घेतलास. तीन मिनिटं झाल्यावर तूच कट केलंस की!"

"मुंबईवरून तर सगळेच येतात, मुळात कुठल्या गावाहून होता कॉल?"

"ते मी कशाला विचारू? तूच बोलत होतीस ना!"

मी तिला काय काय बोलले ते आठवलं की आजही लाज वाटते. मुंबईला विचारलं, तिथून उत्तर आलं की दिवसाला शेकडो कॉल पुढे जातात, तुमचा कुठून शोधू? त्यानंतर अकरा वेळा त्या टाकीत पडून आले. कातडी सोलवटली, पण कानात साधी घरघरसुद्धा आली नाही. भावोजी म्हणाले, मेंदूचे खेळ. म्हटलं, नलिनीच्या कानात कुणाचा मेंदू होता? डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या.

आईला मात्र मी सगळं सांगितलं. आप्पाकाका हसले, "टाकीत फोन?" आईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पान वाढलं नाही, त्या वर्षी नाही आणि पुढेही कधी नाही. अरुण काही परत आला नाही.

पण आई दर चार-आठ दिवसांनी विचारायची, "आईला सांग... पुढे काय म्हणत होता गो?" आणि मी चिडायची. "अगं, नाही ऐकलं मी! कितीदा सांगू?" शेवटच्या आजारातही तिने तेच विचारलं, आणि मी म्हटलं, "आई, लाईन कट झाली."

"येतो म्हणाला," एवढं सांगायला माझं काय जात होतं हो?