माझ्या नावाचं बक्षीस

त्या सिनेमाला घरच्यांना मीच ओढून नेलं. कारण होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

लग्नाआधी मी सानगडीला मंडईच्या नाटकांत काम करायची. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्राच, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. पुरुष गावातलेच, बायका मात्र बाहेरच्या कंपनीतून आणायच्या, असा रिवाज. मी एकटी गावची पोरगी स्टेजवर उभी राहायची. मग जवाहरनगरच्या फॅक्टरीतला नवरा मिळाला, क्वार्टर मिळालं, आणि नाटक सुटलं. सोड असं कोणी म्हटलं नाही. करतेस का, असंही कोणी विचारलं नाही.

यंदा नाटक बसवणाऱ्या मास्तरांचा फोन आला. "बाई, मायचं काम आहे. बाहेरची आणाले मन होत नाही. तूच कर ना." मी म्हटलं, यांना विचारून सांगते. विचारायची हिंमत होईना. तेवढ्यात भंडाऱ्याला हा सिनेमा लागला.

माझ्या तरुणपणी जिच्यावर अख्खं गाव फिदा होतं, तीच नटी. लग्न करून गायब झाली होती, ती इतक्या वर्षांनी परत आली होती. गोष्ट साधी, हसवणारी. घरातली आई चोरून स्कूटर शिकते आणि घरभर गोंधळ उडतो. सासू डाळीत साखर टाकते, नवरा बायकोला शोधत पोलिसात जातो. शेवटी नवराच तिच्या मागच्या सीटवर बसून गावभर फिरतो. आमचे हे तर हसून हसून खुर्चीतून खाली यायचे बाकी होते. त्या शेवटाला यांनी शिटी वाजवली. या वयात!

बाहेर आलुबोंडे खाताना यांची गाडी थांबेना. "काय कमबॅक केला बापा! लग्न झालं, लेकरं झाले, पण बाईतली आग नाही विझली. याले म्हणतात कलाकार."

मला वाटलं, हीच वेळ. मी मास्तरांच्या फोनचं सांगितलं.

यांनी हातातला बोंडा द्रोणात ठेवला. "तुले कायले पाहिजे आता हे? साऱ्या फॅक्टरीत गोष्ट होईन."

"आत्ताच तर तुम्ही शिटी वाजवली."

"ते पिच्चर आहे. तिची गोष्ट वेगळी."

लेकीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "आई, तू मजाक करून राहिली ना?"

हो गं बाई, मजाकच. तुमच्या डब्यांत, इस्त्रीत माझी सगळी वर्षं गेली, तीही मजाकच होती म्हणायची. असं मनात आलं. तोंडानं मी एवढंच म्हटलं, चटणी संपली, अजून आणा.

मास्तरांना फोन करून जमणार नाही म्हणून कळवलं.

मंडईला मात्र हे स्वतःहून म्हणाले, "चाल, तुझ्या गावचं नाटक पाहू." मला खूश करायला निघाले होते. आम्ही पुढच्या खुर्च्यांवर बसलो. माझ्या कामाला बाहेरची बाई आणली होती. चांगली होती हो. वाईट असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

आमच्याकडे एखादा प्रवेश रंगला की प्रेक्षक चिठ्ठीसोबत बक्षीस पाठवतात, आणि नाटक थांबवून माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारतात. माय पोराला निरोप देते तो प्रवेश चालू होता. मध्येच नाटक थांबलं. माइकवाल्यानं माझं नाव घेतलं. माझं, माहेरच्या आडनावासकट. "सानगडीची लेक, एकेकाळची कलाकार, यांच्याकडून मायच्या भूमिकेला बक्षीस!"

मी तर चिठ्ठी पाठवलीच नव्हती. मी यांच्याकडे पाहिलं. चेहरा नुसता फुललेला.

"घे," हे म्हणाले, "झाला तुझा कमबॅक."

टाळ्या पडल्या. स्टेजवरून त्या बाईनं मला हात जोडले. माझ्या अंगाचा जाळ झाला होता, तरी पाय जुन्या सवयीनं उठले. मी लोकांकडे वळून वाकून नमस्कार केला आणि खाली बसले. यंदाच्या नाटकात मला मिळालेलं काम तेवढंच.