पाणी येऊन गेलं

संभाजीनगरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. पाणी सोडणारा लाइनमन गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकतो, मग आम्ही असू तिथून घराकडं पळतो. परवा अफवा पसरू नयेत म्हणून सरकारनं शहरातलं नेट बंद केलं. मी ऑफिसात, आणि इकडं पाणी येऊन गेलं. टाकी ठणठणीत कोरडी! लाइनमनला फोन लावला, तर म्हणाला, "ताई, घरोघर फोन करत बसू का?" त्याचं तरी काय चुकलं? घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिले, तर तिथं अफवांना नुसता ऊत आलेला. मेल्या अफवांना कुठं नेट लागतं! अख्ख्या गल्लीत खरी बातमी एकच होती, पाणी सुटल्याची. सरकारनं नेमकी तीच थांबवली.