सुटलेली पट्टी

आज सकाळी गाडी धुताना पुढच्या चाकावरची काळी पट्टी सुटून हातात आली आणि जुन्या टेपच्या आंबूस वासानं माझं डोकं पुन्हा तापलं. चार वर्षांपूर्वी गाडीला रुंद टायर घातले, म्हणून चाकांच्या कमानींवर बसवायला तशाच रुंद, मागच्या टेपनं चिकटणाऱ्या पट्ट्या आणल्या होत्या. त्या लावायला धाकटा भाऊ निगडीला आमच्या घरी आला. महाळुंग्याच्या एका गाड्यांच्या कंपनीत तो हेच काम करायचा, पण कंत्राटी असल्यामुळे नुकताच ब्रेक मिळून घरी बसला होता. पत्र्यावर हात ठेवत त्यानं विचारलं, “दादा, पॉलिश नाही ना मारलंस? टेप धरणार नाही.” तासाभरापूर्वीच मी गाडी चकाचक केली होती, पण यानं मला शिकवावं याचाच राग आला आणि मी “नाही” म्हणालो. पहिली पट्टी दोनदा सुटली. बायको चहा घेऊन उभी होती, शेजारी बघत होते आणि मी ओरडलो, “साधी पट्टी बसवता येत नाही, म्हणूनच तुला पर्मनंट करत नाहीत!” पट्टी हिसकावून मीच दाबून बसवली. त्यानं पत्र्यावरून बोट फिरवून नाकाशी नेऊन हुंगलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, मग उरलेल्या तीन कमानी स्पिरिटनं पुसून पट्ट्या लावल्या आणि चहा न घेताच गेला. त्या तीन अजून घट्ट आहेत. आज मी बसवलेली ती पट्टी माझ्या हातात बघून बायको म्हणाली, “तेव्हाच म्हणाला होतात, भावजींना जमत नाही.” स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि तरी मी म्हणालो, “हो.”