पांढराशुभ्र स्पंज

सोळा मार्च, सोमवार. टाकीत जिवंत मासे बारा, मेलेले एकतीस.

चष्म्यांच्या त्या दुकानात सासऱ्यांच्या हाताखाली दोन सुना काम करत. धाकटी पुढे बसून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला शोभेल अशी फ्रेम निवडून देई. थोरली मागच्या खोलीत यंत्रावर भिंगे घासून ती फ्रेममध्ये बसवी. दोघींच्या मध्ये, भिंतीच्या जागी, दोन्ही हात पसरले तरी कवेत न मावणारी माशांची टाकी होती, आणि तिच्यातही कामाची वाटणी तशीच झाली होती. मासे धाकटी निवडी: तळ चाळणारे काही, मधल्या पाण्यात थव्याने फिरणारे इवलेसे, आणि संथ मिरवणारे एंजल मोजकेच; कारण ते वाढले की लहानांना गिळतात. टाकीखालच्या कपाटातला फिल्टर थोरलीकडे होता.

थोरली धाकटीवर जळे. कपड्यालत्त्यावरून किंवा नवऱ्याच्या कमाईवरून ती कधी जळली नाही. श्रम दोघींचे होते, दिसत मात्र एकीचेच होते. आणि कपाटात कोण वाकते हे विचारायला कोणी थांबत नसे.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी एक गिऱ्हाईक टाकीपुढे थबकले. "पाणी कसं काचेसारखं ठेवलंय हो!"

"धाकटीच्या हाताला गुणच आहे," सासरे म्हणाले.

"अहो बाबा, पाणी ताई बघतात. मी नुसती मिरवते," धाकटी म्हणाली.

"हो का?" म्हणून गिऱ्हाईक पुन्हा माशांत रमले.

निंदेपेक्षा हे औदार्य थोरलीला अधिक झोंबले. "माशांनाही एकेक चष्मा देऊन टाक," ती म्हणाली, "म्हणजे त्यांनाही तूच दिसशील." धाकटी खळखळून हसली. टोमणा वाया गेला.

दुपारी थोरलीने फिल्टर उघडला. मासेवाल्याने आरंभीच बजावले होते: स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळायचा. त्यावरच्या तपकिरी थरात माशांच्या घाणीचे विष पचवणारे सूक्ष्म जीव राहतात, आणि नळाच्या औषध घातलेल्या पाण्याने ते मरतात. दोन वर्षे तिने ते पाळले. पण भिंगावर धुळीचा कणही खपवून न घेणाऱ्या त्या हातांना तो थर सतत खुपत आला होता. शिवाय आज तिला डोळ्यांत भरेल असे काहीतरी करून दाखवायचे होते. तिने स्पंज नळाखाली धरला आणि पांढराशुभ्र होईपर्यंत चोळला. त्याच जीवांच्या वस्तीसाठी आत ठेवलेली चिनी मातीची छोटी कडीसुद्धा ब्रशने घासली. त्याच संध्याकाळी धाकटीने चार नवे एंजल टाकीत सोडले.

रविवारी दुकान बंद होते. सोमवारी शटर उघडले तेव्हा एकतीस मासे मेले होते आणि उरलेले बारा पृष्ठभागाशी तोंडे उघडून धापा टाकत होते.

मासेवाला आला. "फिल्टर कशात धुतलात?"

"नेहमीसारखाच," थोरली म्हणाली.

"मग नव्यांनीच रोग आणला म्हणायचा."

"दाराशी आलेला कोण, कुठला, हे बघून मग घरात घ्यावं," सासरे धाकटीकडे न पाहता म्हणाले.

"चुकलंच माझं, बाबा." धाकटी जाळीने एकेक मासा काढत होती. थोरलीच्या ओठांवर खरे आले, तेवढ्यात धाकटी वळून म्हणाली, "ताई, यापुढे मासेही तुम्हीच निवडा. मला नाही झेपायचं."

जे हवे होते ते असे आयते ओंजळीत पडले, आणि ओठ मिटले.

आता दोन्ही कामे थोरली करते. "थोरलीची नजर आहे ही," असे सासरे गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतात. धाकटी फ्रेम्स दाखवते आणि टाकीकडे पाठ करून बसते. थोरलीची जळजळ तरीही शमलेली नाही: धाकटीला रात्री स्वस्थ झोप लागते, आणि आता थोरलीला ती झोपच हवी आहे.

धाकटीला खरे कारण सांगणे अजून बाकी आहे.