तीन नंबर शेडचे लाल दिवे

माझ्या मावशीला पोल्ट्रीत सगळे फौजदार म्हणतात. समोर नाही, पाठीमागे. समोर म्हणायची कुणाची छाती नाही, माझीही नाही, आणि मला तर तिनेच लहानाचं मोठं केलंय. तिची त्या पोल्ट्रीत सव्वीस वर्षं झाली. मी तिथला वायरमन. नोकरीही तिनेच लावून दिली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात दिवे लावणारा हात माझा होता आणि त्याची चीड मला अजून येते.

सुरुवातीला ती अंडी तपासायची. अंधारी खोली, डब्यात एक बल्ब, डब्याला भोक आणि भोकापाशी एकेक अंडं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जिवंत, नाही तर बाजूला. दुसऱ्या कुणाचे डोळे कामातून गेले असते. हिचे उलट तयार झाले. पुढे तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी उबवणीच्या एका कपाटात हिरवे दिवे लावून पाहिले, तेव्हा पिल्लं मोजायला आणि तोलायला हिलाच बसवलं. हिरव्या कपाटातली पिल्लं अंगाने जरा भरलेली असतात, हे डॉक्टरांनी कागदावर मांडायच्या आधी हिने तळहातावर ओळखलं होतं. निळ्या उजेडात पक्षी गप्प बसतात, म्हणून लस टोचायच्या दिवशी ती माझ्याकडून निळा दिवा लावून घ्यायची. आणि लाल उजेडाने कोंबडी अंड्यावर येते. तो उजेड कवटीतून आत पोचतो आणि अंगाला जागं करतो, असं डॉक्टर सांगायचे. पण अंग तयार झाल्याशिवाय त्याला जागं करायचं नाही, हेही तेच सांगायचे. डॉक्टर गेल्यावर ते वाक्य मावशीचं झालं.

तीन नंबर शेडमध्ये दोन हजार तलंगा होत्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. एका दिवसाच्या पिल्लांपासून मावशीने वाढवलेल्या. काळे पडदे खाली, मंद दिवे, तेही दिवसातून आठच तास. अठरा आठवडे पुरे झाले की उजेड हळूहळू वाढवायचा, ही तिथली रीत. मावशी त्यांना "पोरी" म्हणायची. तिला स्वतःला सोळाव्या वर्षी बाळंतपण आलं होतं; मूल वाचलं नाही. ती हे कुणाला सांगत नाही, आणि मीही याहून जास्त सांगणार नाही.

मग नवे मॅनेजर आले. रोज पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यावरून त्यांचं नाव इस्त्रीसाहेब पडलं. कोंबडी त्यांनी त्याआधी ताटातच पाहिली असावी, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. एक दिवे विकणारा आला, रंगीत पत्रक दाखवून गेला आणि साहेबांना साक्षात्कार झाला. तीन नंबरात लाल दिवे, सोळा तास. तलंगा तेव्हा बारा आठवड्यांच्या.

मावशी ऑफिसात गेली. यांची हाडं अजून कोवळी आहेत, आत्ता अंड्यावर आणलंत तर फाटतील, असं तिने समजावून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. साहेब हसले आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही दाणापाणी बघा. उजेडाचं मी बघतो." त्याच दुपारी मी शिडी घेऊन चाळीस दिवे लावले. मावशी दारात उभी होती. मी खाली उतरलो तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पंधराव्या आठवड्यात पहिलं अंडं आलं, लिंबाएवढं. साहेबांनी त्याचा फोटो काढून मालकीणबाईंना पाठवला. मग अंडी वाढत गेली, आणि मरणाऱ्या कोंबड्याही. आधी रोज चार-पाच, मग बारा, मग तीस. साहेब म्हणाले, उकाडा आहे. मेलेल्या कोंबड्या सकाळच्या चहाआधी पोत्यात भरून मागच्या खड्ड्यात जायच्या. आत शिरलं तर सगळं ठीकच दिसायचं. लाल उजेडात पिसं लाल, खाली पसरलेलं तूस लाल, पाणी लाल.

एक दिवस मावशीने मला हाताला धरून शेडच्या बाहेर नेलं. तिच्या काखेत एक तलंग होती. आत ती नुसती ओली वाटत होती. उन्हात पाहिलं तर तिचं अंग बाहेर आलेलं, फाटलेलं, आणि पोटाखालची सगळी पिसं रक्ताने चिकटलेली. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती तशीच ऑफिसात शिरली, मी मागे.

साहेबांनी खुर्चीवरून न उठता पत्रक पुढे केलं. लाल उजेडात कोंबड्यांना रक्त दिसत नाही, म्हणून त्या एकमेकींना टोचत नाहीत, असं त्यात छापलं होतं. कोंबड्यांना दिसत नसेलही. पण इथे माणसांनाच दिसेनासं झालं होतं, त्याचं काय? दिवे काढा, मावशी म्हणाली. साहेब म्हणाले, गुरुवारी मालकीणबाई येणार आहेत, त्यांना अंडी दिसली पाहिजेत, नंतर बघू. आणि मावशींना फारच त्रास होत असेल तर अंडी धुवायच्या खोलीत जागा आहे. मग त्यांनी मला विचारलं, दिव्यांत काही दोष आहे का? मी म्हणालो, नाही. दिव्यांत नव्हताच. एवढंच बोललो मी, आणि त्या एका शब्दासाठी आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गुरुवार उजाडला. मालकीणबाई वयस्कर, हातात काठी, बोलणं थोडं. साहेब त्यांना शेडमध्ये घेऊन आले आणि हात हलवत सांगत सुटले: तीन आठवडे आधी अंडी, बाई, इतक्या लवकर कुणाकडेच नाहीत. मावशी कडेने चालत होती. मध्येच ती वाकली आणि कोपऱ्यात पाय फाकून उभी असलेली एक तलंग तिने दोन्ही हातांनी उचलली. अगदी हळू, तान्हं मूल उचलावं तशी.

"साहेब, जरा धरता का? बाईंना जवळून दाखवा," ती म्हणाली. इतक्या गोड आवाजात बोलताना मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं.

साहेबांनी कोंबडी छातीशी धरली. ओलं लागलं असणारच, पण मालकीणबाईंसमोर नाक कसं मुरडणार? बघा, किती शांत आहे, असं म्हणत ते तिला घेऊन उभे राहिले. बाईंनीही तिच्या पोटावरून हात फिरवला. शर्ट लाल दिसत होता, पण आत सगळंच लाल होतं. मावशी म्हणाली, बाहेर चला बाई, उजेडात नीट दिसेल.

बाहेर कडक ऊन होतं. साहेबांचा शर्ट छातीपासून पट्ट्यापर्यंत रक्ताने माखला होता. कोंबडीची मान त्यांच्या कोपरावर लोंबत होती. बाईंनी आधी शर्टाकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळव्याकडे. ड्रायव्हर, हमाल, अंडी धुणाऱ्या बाया, सगळे जागच्या जागी थांबले.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"महिनाभर हेच चाललंय, बाई," मावशी म्हणाली. "आत दिसत नाही."

त्याच दुपारी दिवे काढायचा हुकूम निघाला. तोवर तीनशे अकरा गेल्या होत्या. साहेब शर्ट बदलून आले आणि राहिले. अशी माणसं राहतातच. वेळीच लक्षात आलं म्हणून मी दिवे काढून घेतले, असं ते पुढे पाहुण्यांना सांगायचे. मावशी ऐकायची आणि दाण्याचं टोपलं दाणकन आपटायची.

दिवे मीच काढले. शिडी मावशीने धरली होती. शेवटचा दिवा हातात घेऊन मी खाली पाहिलं, तेव्हा तिने विचारलं, "लावताना एकदा तरी असं खाली बघितलं होतंस?"

मी नाही म्हणालो. तिने शिडी सोडली नाही. पण उजेड बदलला म्हणून फाटलेली अंगं थोडीच सांधतात. त्यानंतरही आठ-दहा दिवस कोंबड्या मरत राहिल्या. रोज सकाळी मेलेल्यांचं पोतं तिने माझ्याच खांद्यावर दिलं.