चिनी मुळ्या आणि सोबतीला आलेले मामा

चहा समजून मी मामांच्या थर्मासमधला काढा प्यायलो. सकाळी चष्मा लावण्याआधी मला थर्मास ओळखू येतो, आतलं काय ते ओळखू येत नाही.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. जमिनीतून उगवलेली प्रत्येक गोष्ट औषध असते आणि ती कुणीतरी चाखून बघायलाच हवी, असं मानणारा दुसरा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. फर्दापूरचं चहाचं हॉटेल बंद करून, दुखरे गुडघे घेऊन ते आमच्याकडे सिडकोत राहायला आले. मेहुणीच्या लग्नात त्यांनी मांडवातल्या शोभेच्या झाडाचं पान चावलं. जीभ सुजली, दिवसभर शब्द फुटेना. व्याह्यांना मामा फार सभ्य वाटले! दुसरा शौक पेशंटसोबत दवाखान्यात जाण्याचा. ओळखीत कुणाचं पोट दुखलं की मामा टोपी घालून तयार. कुठं दुखतं, कसं दुखतं, हे पेशंटच्या आधी तेच डॉक्टरांना सांगत. स्वतःची नाडी मात्र त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नाही. "मला काय व्हतंय? माझ्या पोटात आख्खं जंगल हाय."

तर त्या काढ्याविषयी. हॉटेल चालू असताना अजिंठा बघायला आलेल्या एका चिनी पाहुण्यानं, मामांचं लंगडणं पाहून, वाळक्या मुळ्यांच्या काळ्या चकत्या दिल्या होत्या. काही तास उकळल्याशिवाय तोंडाला लावू नका, असं त्याच्या गाइडनं बजावलंही होतं. पण जास्त उकळलं की औषधाचा दम जातो, हा मामांचा सिद्धांत. इतकी वर्षं जपलेल्या त्या चकत्यांना त्यांनी त्या सकाळी चहाएवढीच एक उकळी दिली.

एका घोटातच माझ्या ओठांना मुंग्या आल्या. मी बोंब मारली. पेलाभर काढा पिऊन मामा गॅलरीत बसले होते.

"मुंग्या आल्या? म्हंजे लागू पडलं, जावईबापू! माझी तर जीभच गायब हाय. छातीत घोडं उधळल्यागत व्हतंय. लई ताकदीचं हाय बघा."

चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. बायकोनं रिक्षा बोलावली, पण मामा हलायला तयार नाहीत. शेवटी मी छातीवर हात ठेवून खाली बसलो. "मामा, मला कसंतरी होतंय. सोबत चला."

मामांनी टोपी घातली. मी नाटक करायला निघालो होतो, पण रिक्षा वळेपर्यंत मला खरोखरच धडधडायला लागलं. मामा माझा हात धरून धीर देत होते. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

दवाखान्यात त्यांनी माझं दुखणं सांगायला सुरुवात केली. डॉक्टरबाई मात्र त्यांच्याकडेच बघत होत्या. माझ्या छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाल्या, "हे नुसते घाबरलेत. आजोबा, तुम्ही झोपा."

"मी? मी तर सोबत आलोय!" म्हणता म्हणता मामा खुर्चीतच कलंडले.

मामांच्या ठोक्यांची पडद्यावरची रेघ वेडीवाकडी उड्या मारत होती. ही मुळी आपल्या विषारी बचनागाची भाऊबंद, डॉक्टरबाईंनी सांगितलं, कच्ची राहिली तर थेट हृदय धरते. बायको आयसीयूच्या काचेला कपाळ टेकून उभी राहिली. तिची आई गेल्यावर याच मामांनी तिला वाढवलं होतं. मी तिच्यासाठी पाणी आणलं. तिनं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेघ तालावर आली. शुद्धीवर आल्यावर मामांनी पहिला प्रश्न विचारला, "जावईबापू कसे हायत?"

आता मामा काहीही तोंडात टाकण्याआधी बायकोला दाखवतात. उरलेल्या चकत्या त्यांनी आपण होऊन डॉक्टरबाईंच्या हवाली केल्या. पण घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते माझी गोष्ट सांगतात. "वेळेवर नेलं म्हणून वाचले जावईबापू. नाय तर अवघड व्हतं." परवा शेजाऱ्यांसमोरही तेच. मला राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन मी बायकोला म्हटलं, "अगं, आता तरी खरं सांगू का?"

बाहेरून मामांचा खणखणीत आवाज येत होता. ती पोळी लाटायची थांबून ऐकू लागली.

"नका सांगू," ती म्हणाली. "खोटं का होईना, माझा मामा बाहेर बसून सांगतोय. सांगू दे."