होडीच्या नाकावरची भामाबाई

भामाबाईच्या अंगानं मांस कधी धरलंच नाही. माहेरी नेकनूरला होती तेव्हा तिची आई म्हणायची, हिला वावटळीत बाहेर सोडू नका, सापडायची नाही. लग्नाच्या वेळी सोयऱ्यांतल्या एका बाईनं छबुबाईला, म्हणजे होणाऱ्या सासूला, कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "आगं, सून कोयत्याला न्यायचीय का देव्हाऱ्यात बसवायचीय?" छबुबाईला ते पटलंही होतं, पण आश्रुबाची दोन लग्नं ठरून मोडलेली. तिसरं मोडायची हिंमत नव्हती. घेतली पदरात.

देव्हाऱ्यात कुणी बसवत नसतं. लग्न झालं त्याच दिवाळीनंतर भामा ऊसतोडीला गेली, आणि पुढं दर साल जात राहिली. कोयता जोडीचा असतो. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढून रचायची. चार धडधाकट बायका हसत-खिदळत चढायच्या. भामा चढायची तेव्हा खालची माणसं बोलायची थांबायची. एका पहाटे दवानं फळी निसरडी झाली होती. ती मोळीसकट खाली आली. मुकादम धावत आला तो ट्रकला उशीर होतो म्हणून. तेव्हापासून तिची कंबर धड राहिली नाही. आश्रुबा रात्री तेल लावून चोळून द्यायचा, तेवढं मात्र खरं. माणूस वाईट नव्हता. घाबरट होता, आईला आणि गरिबीला सारखाच.

त्यातून सुटका झाली ती तलावामुळं. वडवणीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटात हा तलाव. त्यात ज्यांची रानं बुडाली त्यांनी मिळून मच्छीमारांची सहकारी संस्था काढली. सरकारी अनुदानातून दोन फायबरच्या होड्या आणि त्यांच्या मागं लावायची दोन मशीनं आली. पाऊसपाणी बरं असलं की सगळे सभासद काठाकाठानं, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकत. पण दुष्काळ पडला की तलाव आटत आटत जुन्या नदीच्या डोहापुरता उरायचा. मासा डोहात गोळा व्हायचा आणि तिथं एकाच जोडीचं भागायचं. नवऱ्यानं मशीन धरायचं, बायकोनं पुढं बसून जाळं ओढायचं. ज्याला डोह मिळाला त्याचा हंगाम घरी निघाला. बाकीच्यांनी कोयता उचलायचा.

पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकल्या. डब्यातल्या सगळ्याच चिठ्ठ्यांवर चेरमनच्या मेव्हण्याचं नाव निघालं आणि मारामारी होऊन दोघांची डोकी फुटली. तेव्हापासून ठराव झाला: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शर्यत, एका वेळी दोन जोड्या. तलावाच्या भिंतीपासून निघायचं, पाण्यात उभ्या असलेल्या पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलला वळसा घालायचा, परत यायचं. जी जोडी मासे धरणार तीच होडीत पाहिजे. जोडी फुटली की डाव गेला.

मशीन सारखं, होडी सारखी, पेट्रोल संस्थेचा काटेवाला बन्सी मोजून ओतायचा. मग फरक कशात? तर बसणाऱ्याच्या वजनात. पहिली शर्यत झाली तेव्हा सगळ्या जोड्यांत भामा-आश्रुबाची होडी अशी पळाली, की काठावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. दुसऱ्या सालीही तेच. गावानं निकाल लावून टाकला: हलकी बाई, जिंकली होडी. आयुष्यभर जिला किडकिडी म्हणून हिणवलं, तिच्याकडं बायका हेव्यानं बघू लागल्या.

पण होडीच्या नाकावर भामा बसायची, गाव नाही. मशीनचा कान पिळून वेग वाढवला की होडीचं शेपूट पाण्यात बसतं आणि नाक वर येतं, हे तिला बसता-बसता कळलं होतं. त्या वेळी पुढं झेपावून सगळा भार नाकावर टाकायचा. होडी सपाट होते, एक हिसका बसतो आणि ती पाण्यावर चढते. चढली की हळूच मागं मधल्या फळीवर सरकायचं, म्हणजे नाक मोकळं राहतं आणि खालचं पाणी ओढत नाही. सकाळी पाणी तेलासारखं असतं तेव्हा तिचा तेवढा भार पुरायचा. हे तिनं आश्रुबाला एकदा सांगितलंही होतं. तो म्हणाला, "आसंल." तिनंही पुन्हा सांगितलं नाही. जिंकत होते ना.

तिसऱ्या साली पावसानं पाठच फिरवली. काठाकाठानं चिखलाला भेगा पडल्या, टँकर सुरू झाले. या खेपेला पंधरा जोड्यांची शर्यत लावण्याइतकं पाणीच नव्हतं. तराफेवाले कंटाळून आधीच मुकादमाकडं नावं देऊन आले. उरल्या दोन जोड्या: आश्रुबाची आणि शहादेवची. शहादेवची बायको चंद्रभागाबाई म्हणजे दारातून वाकडं होऊन यावं लागणारी बाई. तिची चिंता कुणाला नव्हती. पण पितृपंधरवड्यात छबुबाई पाणी आणायला गेली आणि टँकरवरून बातमी घेऊन आली.

"चंद्रभागीनं भाकर सोडलीय म्हणं. नुसत्या च्यावर हाय. निम्मी झाली, निम्मी!"

"ती निम्मी झाली तरी माझ्या दुप्पट हाय की, आत्याबाई," भामा म्हणाली.

"त्येचं कसं हाय भामे, तिनं निम्मं व्हायचं आन् आपण हाय तितकंच ऱ्हायचं, हे काय बरं न्हाई. पुन्यांदा कोयत्याला जायाचंय का तुला?"

सासूनं उपाशी ठेवलं असं म्हणावं तर तसं नव्हतं. भामानं स्वतःच दुरडीतली भाकरी अर्धी मोडून परत ठेवली. कोयत्याचं नाव काढलं की तिच्या कमरेतून गार पाणी जायचं. घरोघरी पितरांचं जेवण होतं, बोलावणी होती. खीर-वडे समोर आले की ती पोट दुखतंय म्हणायची. नवरात्रात तर सोपंच झालं. बाकीच्या बायका पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपास धरायच्या. छबुबाईनं गल्लीत सांगितलं, आमच्या भामानं पूर्ण नवरात्र धरलंय. बायका पाया पडून गेल्या. शेंगदाण्याची मूठ भामाच्या हातावर ठेवताना सासू त्यातले चार-दोन दाणे परत उचलायची. भामाला दिसायचं. ती दिसत नसल्यासारखं करायची.

एका संध्याकाळी छबुबाई तिला संस्थेच्या शेडात घेऊन गेली. तिथं मासे तोलायचा काटा आढ्याला टांगलेला. खाली दोरीनं बांधलेलं मोठं टोपलं, खवल्यांनी चिकट झालेलं. बन्सी दिवसाचा माल आटोपून हात धूत होता.

"बन्सी, हिला बघ जरा किती भरती ती."

"काकू, माणसं तोलायला दवाखान्यात न्यायाची," बन्सी म्हणाला. पण काट्याखालचं टोपलं त्यानं सरळ केलं. भामा गुडघे पोटाशी घेऊन त्यात बसली. टोपलं हललं, वर गेलं, गोल फिरलं. शेडाबाहेर विड्या ओढणारी माणसं आत डोकावली.

"वैनी, कटला माशाच्या भावानं लावू का चिलापीच्या?" बन्सीनं विचारलं.

"चिलापी बी यवढी काटेरी नसती बे," बाहेरून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

आश्रुबा त्या माणसांतच उभा होता. तो हसला नाही. पण "काय बे" असंही म्हणाला नाही. भामा टोपल्यात फिरत होती म्हणून तिला तो एकदा समोर दिसला, एकदा दिसेनासा झाला.

"छत्तीस किलो," बन्सी म्हणाला, आणि त्यानं टोपलं हळूच खाली टेकवलं. छबुबाई मात्र खुश होती. वाटेत तिनं भामाच्या डोक्यावरून हात फिरवला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला दोन्ही होड्या भिंतीपाशी लागल्या. आश्रुबानं आपली होडी रात्रीच उलटी करून बुडाचं शेवाळ खरडून काढलं होतं. आतली एक फळी, नांगराचा दगड, डबे, दोऱ्या, सगळं बाहेर. भामानं जोडवी आणि बांगड्यासुद्धा सासूकडं काढून दिल्या. पाण्यावर सुरकुती नव्हती.

पण शर्यत सुटेना. चेरमन राधाकिशनला बीडहून कुणी पाहुणे येणार होते, त्यांच्या हातून झेंडी दाखवायची होती. पाहुणे वाटेत नाश्त्याला थांबले म्हणून निरोप आला. मग निघाले म्हणून आला. ऊन चढलं, माणसं भिंतीच्या सावलीला सरकली, कुणीतरी हार पाण्यात बुडवून ताजे ठेवले. भामा होडीतच बसून होती. डोळ्यांपुढं काजवे यायचे, जायचे. दुपार कलायला लागली तसं डोंगराच्या खिंडीतून वारं सुटलं आणि डोहाचं पाणी बघता-बघता खवळल्यासारखं उठायला लागलं. जॅकवेलकडून सरळ तोंडावर येणारं वारं.

भामा उतरून आश्रुबाजवळ गेली. "आवो, ऐका. वारं समोरून हाय. नाक उचलंल. माझ्या अंगानं दबायचं न्हाई ते. पुढं दोन दगडं ठिवा."

"काय?"

"दगडं. न्हाईतर वाळूचं पोतं. पुढं."

आश्रुबानं आईकडं बघितलं. छबुबाई पुढंच झाली. "म्हैनाभर तुला हलकी केली ती काय दगडं भरायला? डोकं फिरलं काय गं उपासानं?"

"तसं न्हाई आत्याबाई, सकाळचं पाणी येगळं—"

"तिकडं बघ जरा," आश्रुबा हळूच म्हणाला. शहादेवच्या होडीत चंद्रभागाबाई चढत होती. चहावर राहून बाई निम्मी नव्हती झाली. गालफडं बसली होती, एवढंच. होडी तिच्याबरोबर खाली गेली आणि भिंतीवरून आवाज आला, "शादेव, बुडशील रे!" सगळी भिंत हसली. आश्रुबाही हसला. त्या हसण्यावर आता दगड कोण ठेवणार? सगळ्या गावासमोर आपल्याच होडीत वजन घालायचं म्हणजे येडं ठरणं. "बस तू," तो म्हणाला. "काय होत न्हाई."

पाहुणे आले, नारळ फुटला, झेंडी पडली.

पहिल्या हिसक्यालाच नाक वर आलं. भामा पुढं झेपावली, पालथी पडली, दोन्ही हातांनी कडा धरून छाती नाकावर दाबली. होडी सपाट होईना. खालून वारं शिरायचं आणि नाक तिला पोरासारखं उचलून धरायचं. आश्रुबा मशीन कमी करायचा, नाक आपटायचं, तो पुन्हा वाढवायचा, पुन्हा वर. शेजारून शहादेवची होडी आली. चंद्रभागाबाई नाकात पोत्यासारखी बसली होती, डोळे मिटून, तोंडानं देवीचं नाव. तिच्या भारानं होडी पाणी फाडत गेली. चढली. गेली.

"दाब की! दाब!" मागून आश्रुबा ओरडत होता.

जॅकवेलच्या वळणावर वारं आडवं लागलं. होडी एका कडेवर उभी राहिली आणि भामाच्या हातातली कड सुटली. हातात जोर असता तर कदाचित सुटली नसती. पाणी थंड नव्हतं. चिखलाची चव होती. वर आली तेव्हा तिला होडीची पाठ दिसली. होडी जात होती.

पोहता तिला येत होतं, पण हातपाय हलेनात. लुगडं पायांत गुंडाळलं. तिनं हाक मारली की नाही हे तिला आठवत नाही. तो मागं वळून बघतोय हे मात्र तिनं बघितलं. त्यानं बघितलं, आणि तरी होडी जात राहिली. किती लांब, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. शेवटी वळली. जोडीशिवाय डाव धरत नाहीत हे ध्यानात आलं म्हणून वळली, का बायको बुडतेय म्हणून वळली, हे तिला त्याच्या तोंडाकडं बघून कळेना. त्यानं तिला दंडाला धरून आत ओढलं. भिंतीवर शहादेवच्या गळ्यात हार पडला होता.

चंद्रभागाबाई तेवढी जवळ आली. आपल्या खांद्यावरचा टॉवेल भामाच्या अंगावर टाकत म्हणाली, "माय, हाडं लागत्यात गं तुझी." आणि रडायला लागली. दोघींत भामाच कोरडी राहिली.

दिवाळी झाल्यावर मुकादम आला. ओट्यावर बसून त्यानं चहा घेतला आणि भामाकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, बाजारात बैल बघतात तसं. "ही मोळी चढवंल का? मागच्या टायमाला लई खोळंबा केलता हिनं."

"चढवंल की," छबुबाई म्हणाली. "खायाला घालतूयच."

खरंच घालत होती. त्या दिवसापासून भामाच्या ताटात दोन भाकरी पडायच्या, वर कोरड्यास, कधी तेलाची धार. शेजारीण म्हणाली, छबुबाई सुनेला किती जपते. भामाचं पोट आखडलं होतं. दुसऱ्या भाकरीला उमासे यायचे. सासू समोर बसून राहायची. "खा. आंगात नको का काय?" भामा खायची. हंगाम सहा महिन्यांचा होता आणि मोळी उचलणारी कंबर तिचीच होती.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रक गावाबाहेर उभा होता. भांडी, गोधड्या, तिकडं राहायच्या कोपीच्या ताडपत्र्या चढवून झाल्या. आश्रुबा कोयता गोणपाटात गुंडाळत होता. भामा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"एक इचारू?"

"बोल की."

"त्या दिशी माघारी वळायला येळ कावून लागला?"

त्यानं गोणपाटाची गाठ घट्ट केली. मग सोडली, पुन्हा बांधली. "मशीन वळंना गं," तो म्हणाला. "वाऱ्यानं."

दोन साल ती त्या मशीनच्या पुढं बसली होती. मुठीच्या एका हिसक्यासरशी ते कसं वळतं हे तिला ठाऊक होतं. वाऱ्यात तर जास्तच.

"आसंल," भामा म्हणाली.

वरून कुणीतरी हात दिला. ती ट्रकात चढली, गोधड्यांवर टेकली, आणि आश्रुबा चढला तेव्हा सरकून तिनं त्याला जागा केली.